पोकरच्या मोठ्या स्पर्धांत उतरणारे हौशी खेळाडू नेमके किती पाण्यात असतात?

गोदाकाठ (छत्रपती संभाजीनगर)

नमस्कार मंडळी. या विभागात क्रिकेट, कबड्डी, बुद्धिबळ सगळ्यांवर भरभरून लिहिलं जातं, पोकरवर मात्र कुणी धड बोलत नाही. बोललंच तर एक तर "जुगार आहे, विषय संपला", नाहीतर "सगळा डोक्याचा खेळ आहे भाऊ". या दोन टोकांच्या मधे एक प्रश्न पडून आहे आणि मला तो मनापासून महत्त्वाचा वाटतो.

लास व्हेगासला दर उन्हाळ्यात वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर भरते. तिच्या मुख्य स्पर्धेची प्रवेश फी 1972 पासून बदललेली नाही: दहा हजार डॉलर, आजच्या भावाने नऊ लाख रुपयांच्या आसपास. फी भरली की खुर्ची तुमची. निवड चाचणी नाही, मानांकन नाही. विम्बल्डनच्या पहिल्या फेरीत पैसे भरून कुणाला उतरता येत नाही. इथे येतं, आणि शेजारच्या खुर्चीवर माजी जगज्जेता बसलेला असू शकतो. 2023 ला 10,043 प्रवेश झाले, 2024 ला 10,112 आणि 2025 ला 9,735. यातले बहुतेक जण पोकरवर घर चालवत नाहीत. नोकरी-धंदा सांभाळून, पैसे साठवून, सुट्टी टाकून आलेली माणसं. त्यांचा खेळ खरोखर कोणत्या दर्जाचा असतो?

हौशी माणूस जिंकल्याची उदाहरणं जुनी आहेत. 1979 ला हॅल फाउलर नावाचा जाहिरात क्षेत्रातला माणूस मुरलेल्या व्यावसायिकांना मागे टाकून जिंकला. 2002 ला रॉबर्ट वारकोनी जिंकला, तेव्हा तर फिल हेलम्युथ या माजी विजेत्याने "हा जिंकला तर डोकं भादरून घेईन" असं आधीच बोलून ठेवलं होतं आणि त्याला ते भादरून घ्यावं लागलं. पण सगळं बदललं ते 2003 ला. टेनेसीचा ख्रिस मनीमेकर, पेशाने हिशेबनीस. ऑनलाइन पात्रता स्पर्धेत 86 डॉलर घालून तो मुख्य स्पर्धेत पोचला आणि 839 जणांतून पहिला येऊन 25 लाख डॉलर घेऊन गेला.

त्याचे दोन डाव इथे मांडतो, कारण माझा प्रश्न या दोन डावांच्या मधेच आहे.

पहिला डाव. दहा जण उरलेत. समोर फिल आयव्ही, नावाजलेला व्यावसायिक. प्रत्येकाच्या हातात दोन पानं, बाकीची टेबलावर सगळ्यांसाठी उघडतात. मनीमेकरकडे एक्का-राणी, आयव्हीकडे नव्व्यांची जोड. फ्लॉपवर (टेबलावरच्या पहिल्या तीन पानांत) दोन राण्या आणि एक छक्की पडली, म्हणजे मनीमेकरच्या तीन राण्या झाल्या. टर्नला (चौथ्या पानाला) नव्वी आली आणि आयव्हीचं फुल हाउस झालं, म्हणजे तीन सारखी आणि वर एक जोड, नुसत्या तीन राण्यांपेक्षा भारी. चिप्स (पैशांऐवजी लावायच्या चकत्या) सगळ्या मधे गेल्या तेव्हा आयव्ही पुढे होता. न दिसलेल्या 44 पानांत फक्त 7 पानं मनीमेकरच्या कामाची: तीन एक्के, तीन छक्क्या, उरलेली एक राणी. रिव्हरला (पाचव्या, शेवटच्या पानाला) एक्का पडला. आयव्ही दहावा येऊन घरी गेला.

दुसरा डाव. आता दोघंच, मनीमेकर आणि व्यावसायिक सॅमी फार्हा. मनीमेकरच्या हातात इस्पिकचा राजा आणि बदामची सत्ती. फार्हाकडे इस्पिकची राणी आणि बदामची नव्वी. टेबलावर इस्पिकची नव्वी, चौकटची दुर्री, इस्पिकची छक्की. टर्नला इस्पिकची अठ्ठी. मनीमेकरला आता एका पानावर कलरही (एकाच रंगाची पाच पानं) लागू शकतो आणि सिक्वेन्सही (ओळीने पाच पानं). रिव्हरला बदामची तिर्री आली. काहीच लागलं नाही, हातात नुसता राजा. आणि तरी त्याने सगळ्या चिप्स पुढे ढकलल्या. फार्हाकडे नव्व्यांची जोड होती, म्हणजे जिंकणारी पानं होती. तो बघत बसला, बोलून अंदाज घ्यायचा प्रयत्न केला आणि शेवटी पानं टाकली, म्हणजे डाव सोडून दिला.

पहिला डाव निव्वळ नशिबाचा. दुसऱ्याला नशीब म्हणणाऱ्याने तो डाव पुन्हा बघावा. टेबलावर तीन इस्पिक होते, सिक्वेन्स पूर्ण होण्याची जागा होती, त्यामुळे तो जे भासवत होता ते पटण्यासारखं होतं. आणि समोरच्याकडे एकच जोड असेल हा अंदाज बरोबर होता. हे दोन्ही डाव एकाच माणसाचे, एकाच स्पर्धेतले.

पुढच्या वर्षी 2,576 जण आले, 2005 ला 5,619, 2006 ला 8,773. "हिशेबनीस जिंकतो तर मी का नाही" हे त्या गर्दीच्या मनात होतं. माझं ठाम मत असं आहे की हौशी खेळाडूची पातळी विजेत्यावरून काढायचीच नाही. ती टेबलावरच्या साध्या, रोजच्या निर्णयांवरून काढायची. तुमचं काय निरीक्षण?

---

सत्तीपंजी (लातूर)

लई दिवसांनी कामाचा धागा आला. मी गोव्यात कॅसिनोतल्या पोकर स्पर्धा खेळलोय, पणजीला. व्हेगासची बरोबरी नाही, पण तिथं येणारा हौशी माणूस म्हणजे कोण ते रोज समोर बसून बघितलंय, म्हणून लिहायलोय.

आपल्या भागातून येणारा माणूस पोकर शिकतो तो तीन पत्ती किंवा रमीवरून. दोन्हीच्या सवयी अंगात मुरलेल्या असतात आणि टेबलावर पंधरा मिनिटांत कळतं की हा कुठून आलाय. तीन पत्तीवाल्याला समोरच्याची पानं बघायचीच असतात. "शो" मागायची जी खाज आहे, ती पोकरमधे कॉल होऊन, म्हणजे समोरच्याच्या चालीइतके पैसे घालून, बाहेर पडते. हातात लहान जोड, समोरून तीन वेळा दणकून चाल आलीय, तरी कॉल. का? तर "बघू तर खरं काय हाय". दिवाळीच्या डावात ते चालून जातं, कारण तिथं ब्लाइंड खेळणाऱ्याकडं काहीही असू शकतं. पोकरमधे तीनही फेऱ्यांत चाल करणाऱ्याकडं बहुतेक वेळा माल असतोच.

रमीवाला उलटा. त्याची स्मरणशक्ती चांगली, कोणतं पान गेलं ते त्याच्या डोक्यात असतं, हिशेब चांगला. पण तो स्वतःहून चाल करत नाही. चांगली पानं आली की गप बसून कॉल करत जातो, म्हणजे समोरच्याला स्वस्तात पुढचं पान बघू देतो. एक्क्यांची जोड घेऊन असाच एक जण माझ्या शेजारी बसला होता. शेवटपर्यंत एकदाही रेझ केलं नाही, म्हणजे चाल वाढवली नाही. समोरच्याला चौकटचा कलर लागला आणि हा नशिबाच्या नावानं ओरडायला लागला. ते पान त्याला फुकट कुणी दाखवलं?

तिसरी गोष्ट चालीच्या आकाराची. हौशी माणूस भारी पानं आली की मोठी चाल करतो आणि हलकी असली की लहान. दोन तास शेजारी बसलं की त्याची पानं न बघता वाचता येतात. चेहऱ्यावरचे भाव बिव सिनेमात. खरं चुगली करतात त्या चिप्स.

---

मोसंबीवाला (जालना)

आपण जे व्हिडिओ बघतो ते निवडून काढलेले डाव असतात हे कुणी लक्षात घेत नाही. दिवसभरात प्रत्येक टेबलावर अडीचशे-तीनशे डाव होतात, आपल्याला त्यातले चार दिसतात. पानं टाकून गप बसलेला माणूस टीव्हीवर कधीच येत नाही, आणि चांगला खेळाडू बहुतेक वेळ तेच करत असतो.

---

गणितमास्तर (नांदेड)

गोदाकाठ, तुम्ही विजेत्यावरून पातळी काढू नका म्हणता ते शंभर टक्के बरोबर. आकड्यांत सांगतो.

लेव्हिट आणि माइल्स या अमेरिकी अर्थतज्ज्ञांनी 2010 च्या वर्ल्ड सिरीजचे निकाल तपासले. आधीच्या कामगिरीवरून जे कुशल म्हणून ओळखले गेले होते ते एका बाजूला, बाकी सगळे दुसऱ्या बाजूला. ही विभागणी निकालाच्या आधीच्या माहितीवर केलेली, हे महत्त्वाचं. कुशल गटाला लावलेल्या पैशावर सरासरी 30 टक्क्यांहून जास्त परतावा मिळाला. बाकीच्यांना उणे 15 टक्के. हाच फरक तुमच्या प्रश्नाचं मोजलेलं उत्तर आहे.

आता उणे 15 नीट वाचा. सरसकट पाहिलं तर शंभर लावले, पंच्याऐंशी परत आले. वाटतं, बरं आहे की, फार काही गेलं नाही. पण ही सरासरी फसवी आहे. मुख्य स्पर्धेत साधारण 15 टक्के लोकांनाच बक्षीस मिळतं. बाकी 85 टक्क्यांना शून्य. गटातल्या दोघाचौघांना लाखो डॉलर मिळतात आणि सगळ्या गटाची सरासरी वर ओढली जाते. म्हणजे नमुन्यादाखल एक हौशी उचलला तर तो उणे 15 वर नसतो, उणे शंभरवर असतो.

दुसरी बाजू नशिबाची. समजा तुम्ही इतके चांगले खेळता की प्रत्येक वेळी चिप्स मधे जाताना तुमची जिंकण्याची शक्यता 80 टक्के असते. हे फारच चांगलं झालं. अशा पाच प्रसंगांतून लागोपाठ वाचायची शक्यता 0.8 चा पाचवा घात, म्हणजे 33 टक्क्यांनाही किंचित कमी. उत्तम खेळणारा तीनपैकी दोन वेळा मधेच कुठेतरी बाद होणार. म्हणून एका स्पर्धेवरून कुणाचीच पातळी कळत नाही. एका पावसाळ्यावरून शेतकऱ्याची हुशारी ठरवता येत नाही, तसंच हे.

किती डाव लागतात ते बघायचं असेल तर 2017 चं उदाहरण घ्या. लिब्राटस नावाचा संगणक प्रोग्राम पिट्सबर्गला चार अव्वल खेळाडूंविरुद्ध बसवला होता. निकालात नशिबाचा वाटा कमी व्हावा म्हणून 1,20,000 डाव खेळवले, तेही एकास एक. आणि मुख्य स्पर्धेत अगदी विजेत्याच्या वाट्याला सगळे दिवस मिळून फार तर अडीच-तीन हजार डाव येतात.

---

बिंदुसरा (बीड)

मास्तरांचा मान राखून सांगतो, 2010 चा अभ्यास आजच्या हौशी माणसाला लावू नका. पंधरा वर्षांत सगळं बदललंय. 2015 च्या आसपास सॉल्व्हर आले, म्हणजे कोणत्या पानांवर किती वेळा चाल करायची, किती वेळा टाकायची याचं उत्तर संगणक देतो. पूर्वी हे ज्ञान हयात टेबलावर घालवलेल्या माणसांकडेच होतं. आज बीडमधल्या खोलीत बसलेला पोरगा सुरुवातीच्या पानांचे तक्ते पाठ करून बसतो. कोणत्या जागेवरून कोणती पानं खेळायची हे आजच्या मध्यम हौशीला 2003 च्या बऱ्याच व्यावसायिकांपेक्षा जास्त नीट माहिती असतं, असं मी म्हणेन.

दुसरं, माणूस नोकरी करतो म्हणून त्याचा खेळ कच्चा हे कुणी सांगितलं? 2004 चा विजेता ग्रेग रेमर पेटंट वकील होता. सगळे म्हणाले, आणखी एक हौशी. पुढच्या वर्षी 5,619 जणांत तो 25 वा आला. लागोपाठ दोन वर्षं इतक्या गर्दीतून वर येणं नुसत्या नशिबाने होतं का? 2023 चा विजेता डॅनियल वाइनमन सॉफ्टवेअरचं काम करणारा. या लोकांना हौशी म्हणून बाजूला काढलं तर तुमचा हिशेबच चुकतो.

---

सत्तीपंजी (लातूर)

बिंदुसरा भाऊ, तक्ते पाठ आहेत हे खरंय, गोव्यातबी दिसायलंय. पण तक्ता फ्लॉपपर्यंत. तीन पानं टेबलावर उघडली की तक्ता संपला. तिथून पुढं समोरचा माणूस, त्याच्या चिप्स, जागा, आधीच्या चाली, सगळं मिळून ठरवावं लागतं, आणि तिथंच आपला माणूस पुन्हा "बघू तर खरं" वर येतो.

एक साधं माप देतो. पॉटमधे, म्हणजे मधे जमलेल्या ढिगात, हजार आहेत, समोरच्यानं पाचशेची चाल केली. तुमच्याकडं कलरला एक पान कमी आहे आणि एकच पान यायचंय. कॉल करायचा का? पाचशे घालून एकूण दोन हजार जिंकायचे, म्हणजे किमान 25 टक्के शक्यता पाहिजे. न दिसलेल्या 46 पानांत तुमची 9, म्हणजे 20 टक्क्यांच्या खाली. पुढं कलर लागल्यावर समोरच्याकडून आणखी बरंच निघणार असेल तरच कॉल, नाहीतर टाका. हे गणित सातवीचं आहे. टेबलावरच्या किती जणांना चाल समोर आल्यावर ते सुचतं? माझ्या डोळ्यांनी बघितलेलं सांगतो, फार थोड्यांना. येत नाही असं नाही. त्या क्षणाला सुचत नाही. पातळी म्हणतात ती हीच.

---

दुधना (जालना)

मी पोकर खेळत नाही. तरी हा धागा सगळा वाचला, कारण आमच्या घरात हा प्रश्न वेगळ्या दारानं आला.

माझा धाकटा भाऊ रमीच्या एका ॲपवर अडकला होता. हुशार पोरगा, बारावीला गणितात उत्तम गुण. त्याला कुणी "जुगार खेळू नकोस" म्हणालं की तो म्हणायचा, हा बुद्धीचा खेळ आहे, माझी बुद्धी चांगली आहे, मी शिकतोय. आणि त्याचं म्हणणं पूर्ण खोटं नव्हतं, म्हणून तर आम्हाला त्याच्याशी वाद घालता येत नव्हता. आईचं सोनं मोडेपर्यंत गेलं ते.

मास्तरांनी लिहिलेलं "उणे शंभर" मला आधी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. आम्ही त्याला "हा खेळ नशिबाचा आहे" असं सांगत राहिलो आणि तो आम्हाला अडाणी समजत राहिला. "खेळ कौशल्याचाच आहे, म्हणूनच तुझ्यापेक्षा जास्त कौशल्य असलेले तुझे पैसे नेणार" हे त्याला पटलं असतं असं मला वाटतं. तुम्ही सगळे खेळातले जाणकार आहात. पोरांशी बोलताना ही बाजू जरूर बोला.

---

गोदाकाठ (छत्रपती संभाजीनगर)

दुधनाताई, तुम्ही लिहिलंत म्हणून मनापासून आभार. तुमचं वाक्य मी आमच्या ग्रुपवर टाकतोय, नावाशिवाय.

मनीमेकरची गोष्ट ऑनलाइन पोकरच्या जाहिरातीसाठी जगभर वापरली गेली. गोष्ट खरीच आहे, पण तिच्यासोबत त्याच वर्षीच्या उरलेल्या 838 जणांचं काय झालं हे कुणी सांगत नाही. आणि तो 2003 चा काळही वेगळा. तेव्हा समोर बसलेले बहुतेक सगळेच आजच्या मानाने कमी शिकलेले. बिंदुसरा म्हणतात तशी हौशी लोकांची पातळी वर गेली हे मला मान्य आहे. पण व्यावसायिकांची पातळी त्याहून वेगाने वर गेली. सॉल्व्हर दोघांकडे आहे. एकाकडे संध्याकाळचा तास आहे आणि दुसऱ्याकडे आख्खा दिवस. दरी तिथेच राहिली, दोन्ही काठ वर सरकले.

2025 चंच बघा. मायकल मिझराकी जिंकला. त्याच उन्हाळ्यात त्याने पन्नास हजार डॉलर फीची प्लेअर्स चॅम्पियनशिपही जिंकली होती, आयुष्यात चौथ्यांदा. त्या स्पर्धेत पोकरचे अनेक प्रकार आलटून पालटून खेळावे लागतात, तिथे तक्ता पाठ करून भागत नाही.

---

परभणीचा वकील (परभणी)

कायद्याचं थोडक्यात, कारण विचारणार कुणीतरी. ऑगस्ट 2025 मधे संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला, 22 ऑगस्टला राष्ट्रपतींची संमती मिळाली. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ त्यात बंद केले आहेत आणि खेळ कौशल्याचा की नशिबाचा हा भेद या कायद्यापुरता ठेवलेलाच नाही. असा खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, एक कोटीपर्यंत दंड किंवा दोन्ही. खेळणाऱ्याला शिक्षा नाही. कायद्याला न्यायालयात आव्हान दिलं गेलं आहे. महाराष्ट्रात प्रत्यक्ष टेबलावरच्या जुगाराला 1887 चा अधिनियम लागतो. त्यात निव्वळ कौशल्याच्या खेळाला सूट आहे, पण पोकर त्या सुटीत बसतो की नाही यावर वेगवेगळ्या उच्च न्यायालयांची मतं वेगवेगळी आहेत. आपल्याकडे कुणाच्या शेतातल्या आखाड्यावर पैसे लावून बसू नका. पोलीस धाड टाकतात तेव्हा सॉल्व्हर कामी येत नाही.

---

गणितमास्तर (नांदेड)

गोदाकाठ, तुमच्या "दरी" ला आणखी पुरावा देतो. डॅन हॅरिंग्टन 1995 चा विजेता. 2003 ला 839 जणांत तो तिसरा आला आणि 2004 ला 2,576 जणांत चौथा. मार्क न्यूहाउस 2013 आणि 2014 अशा लागोपाठ दोन वर्षी शेवटच्या नऊ जणांत पोचला. दोन्ही वेळा सहा हजारांच्या वर खेळाडू होते, आणि दोन्ही वेळा तो नववाच आला. नुसत्या चिठ्ठ्या टाकून असं घडण्याची शक्यता स्वतः काढून बघा. 2013 ला 6,352 आणि 2014 ला 6,683 प्रवेश होते. एखाद्या ठरावीक माणसाचं दोन्ही वेळा नऊ जणांत येणं म्हणजे पाच लाखांत एकच्या आसपास.

पण एक सांगतो, मुख्य स्पर्धेची बांधणी हौशी माणसाला दिलासा देणारी आहे. सुरुवातीला 60,000 चिप्स, ब्लाइंड (दर डावाला दोघांनी पानं बघण्याआधीच घालायच्या सक्तीच्या चिप्स) 100 आणि 200, आणि ब्लाइंड वाढायचा प्रत्येक टप्पा दोन तासांचा. मोठ्या ब्लाइंडच्या तीनशेपट चिप्स हातात. पहिला दिवस पार करायला कौशल्य थोडं आणि संयम जास्त लागतो. म्हणून पहिल्या दिवशी टिकलेला हौशी स्वतःला फार मोठा समजायला लागतो.

---

बिंदुसरा (बीड)

मास्तर, याच मुद्द्यावर 2016 चा क्वी न्गुयेन आठवा. पुस्तकाबाहेरचा खेळ, कधी काय करेल ते समोरच्याला कळेना. शेवटी एकास एकमधे व्यावसायिक गॉर्डन वेयोला हरवून 80 लाख डॉलर घेऊन गेला. व्यावसायिकांची सगळी तालीम एकमेकांच्या खेळावर बेतलेली असते. चौकटीबाहेरचा हौशी समोर आला की ते अडखळतात. याला पातळी म्हणायची की नाही?

---

सत्तीपंजी (लातूर)

म्हणायची, पण त्यानं ते ठरवून केलं म्हणून. आपल्या टेबलावर जे चौकटीबाहेर खेळायलेत त्यांना चौकट कुठं आहे तेच माहीत नसतं.

आता मला ज्यासाठी परत यावं वाटलं ते. गोव्यातला एक डाव डोक्यातून जात नाही. बबल चालू होता. म्हणजे आणखी एक जण बाद झाला की उरलेल्या सगळ्यांना बक्षीस. टेबल शांत, सगळे घड्याळाकडं बघायलेत. बटनवर, म्हणजे पानं वाटणाऱ्याच्या जागेवर, एक तरुण व्यावसायिक पोरगा, चिप्सचा डोंगर घेऊन. तो जवळजवळ प्रत्येक डावाला सगळ्या चिप्स पुढं ढकलायचा, कारण त्याला माहीत होतं की आत्ता कुणाची कॉल करायची हिंमत नाही. मोठ्या ब्लाइंडवर एक वयस्कर गृहस्थ, आपल्याच भागातले, कापडाचं दुकान. त्यांनी पानं हळूच उचलून बघितली, परत ठेवली, परत बघितली. दोन मिनिटं गेली. हात चिप्सवर गेला आणि मागं आला. मग त्यांनी पानं उघडी करून टाकली: राण्यांची जोड. टेबलावरचे सगळे हळहळले. त्या पोरानं काही दाखवलं नाही, चिप्स ओढल्या आणि पुढच्या डावाला पुन्हा ढकलल्या. काकांना शेवटी सगळ्यात लहान बक्षीस मिळालं आणि ते खुश होते.

---

गणितमास्तर (नांदेड)

बटनवरून कोणत्याही पानांवर ढकलणाऱ्याविरुद्ध राण्यांची जोड शंभरात पंचाहत्तरच्या वर वेळा जिंकते. चिप्सच्या हिशेबाने ही टाकायची पानं नाहीत. बबलवर बाद होण्याची किंमत जास्त असते हे धरूनही माझ्या मते कॉलच.

---

बिंदुसरा (बीड)

मला नाही पटत की काकांना खेळ येत नव्हता. त्यांना बहुतेक माहीत होतं की आपण पुढे आहोत, नाहीतर दोन मिनिटं विचार कशाला केला असता? मुख्य स्पर्धेत सगळ्यात लहान बक्षीस 15,000 डॉलर आहे. ज्याने दहा हजार पोटाला चिमटा घेऊन साठवले त्याच्यासाठी ते मिळणं आणि न मिळणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. करोडपतीला तसा नाही.

---

गोदाकाठ (छत्रपती संभाजीनगर)

बिंदुसरा, मला वाटतं आपण इथे मूळ प्रश्नाच्या सगळ्यात जवळ आलो. हौशी माणूस कमी दर्जाचा दिसतो त्याचं एक कारण अज्ञान, आणि ते तक्त्यांनी, सरावाने कमी होतं. दुसरं कारण त्याच्या खिशात आहे. पॉटचं गणित बरोबर करूनही हात मागे येतो, आणि समोरचा नेमकं तेच ओळखून खेळतो. बबलवर चिप्स ढकलणारा पोरगा काकांच्या पानांशी खेळत नव्हता, त्यांच्या साठवलेल्या पैशाशी खेळत होता. सराव करून हे जाईल असं मला वाटत नाही.

---

सत्तीपंजी (लातूर)

आणि त्यात एक गोष्ट जोडा जी टीव्हीवर सांगत नाहीत. मोठे व्यावसायिक बऱ्याचदा स्वतःच्या प्रवेशाचा हिस्सा विकून बसलेले असतात. कुणी तीस टक्के विकले, कुणी साठ. हरले तर सगळं त्यांचं जात नाही, जिंकले तर वाटून घ्यावं लागतं. आपले काका शंभर टक्के स्वतःच्या पैशावर बसलेले. एकच खुर्ची, एकच फी, पण राण्यांची जोड हातात आल्यावर दोघांच्या छातीवरचं ओझं सारखं नसतं.

मास्तर, किती टक्के हिस्सा विकलेला असला म्हणजे काकांसारख्या माणसाला तिथं कॉल करणं परवडतं, हे मांडता आलं तर मांडा. मला ते आकडे बघायचेत.